हुंब्याचा हात

हुंब्याचा पिक्चर म्हटलं की आजही चाळिशीतली माणसं एकदम आठ वर्षांची होतात. पिक्चरचं खरं नाव कोणाच्या लक्षात नाही, हिरो कोण होता तेही नाही. लक्षात आहे तो हुंबा: गुहेच्या दाराशी बसणारा, रेड्याएवढा, अंगभर तागाचे केस असलेला तो प्राणी. राजकन्या त्याला सोडून जाते तेव्हा तो मान खाली घालतो, नाकातून एक लांब श्वास सोडतो, आणि थिएटरात पोरं हमसून रडायला लागायची. तो श्वास म्हणजे घाटकोपरच्या अंबादास शेजवळचा उजवा अंगठा होता. हे जगात कोणाला माहीत नव्हतं, आणि अंबादासला आयुष्यभर दुसरं काही दुखलं नाही इतकं ते दुखलं.

अंबादास मूळचा बाहुलीवाला. तरुणपणी वस्त्यावस्त्यांतून हातबाहुल्यांचे खेळ करायचा: मलेरियाचा डास, पोलिओचा डोस, दारुडा नवरा आणि शहाणी बायको. बाहुल्या जुन्या मोज्यांच्या, डोळे शर्टाच्या बटणांचे. पण हातात अशी जादू होती की डास आला की बाया खरोखर पदर झटकायच्या. असाच एक खेळ कोणी सिनेमावाल्यानं पाहिला आणि त्याला उचलून अंधेरीला शूटिंगच्या फ्लोअरवर नेलं.

तिथे हुंब्याच्या पोटात तीन माणसं कोंबायचे. डोकं आणि तोंड अंबादासच्या उजव्या हातावर. पाय आणि शेपूट तिसऱ्या एका माणसाकडे. डोळे आणि पापण्या धोंडूकडे. धोंडू मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करणारा. हुंब्याच्या पापण्यांना सायकलच्या ब्रेकच्या तारा जोडल्या होत्या. धोंडूनं ब्रेक दाबला की पापणी मिटायची. आत बाहेरच्या लाइटांची धग, रबराचा वास, तिघांचा घाम. एकदा राजकन्या झालेली बाई हुंब्याच्या गळ्यात पडून रडत असताना आत अंबादासला ओकारी आली. ती त्यानं गिळली, पण हुंब्याची मान तसूभर हलू दिली नाही. ही गोष्ट तो कोणालाही सांगायचा, अगदी जेवायला बसलेल्या पाहुण्यालासुद्धा.

पिक्चर लागला तेव्हा तो बायकोला, कमलला, घेऊन गेला. अर्धी वस्ती मागच्या रांगांत बसलेली. शेवटी नावं सुरू झाली. हुंब्याच्या पुढे रबर ओतणाऱ्या साहेबाचं नाव आलं. मग चहावाल्यांची नावं आली, जेवण पुरवणाऱ्याचं आलं, हत्ती भाड्यानं देणाऱ्याचंही आलं. अंबादासचं आलं नाही. लाइट लागले, झाडूवाला आला, तरी हा पडद्याकडे बघत बसलेला. वस्तीतली पोरं कशाला सोडतात? दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्यानं निघाला की मागून हुंब, हुंब असे आवाज यायला लागले.

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. हुंबा म्हणजे अंबादास शेजवळ, एवढं एकदा पडद्यावर लिहून यावं. देवाधर्माला न मानणारा माणूस, पण याबाबतीत त्याची वाट बघण्याची रीत एखाद्या भक्ताला लाजवील अशी होती.

नाव काही आलं नाही, म्हातारपण आलं, आणि त्याच्यासोबत हाताची थरथर आली. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग सदऱ्याचं बटण लागेना. डॉक्टरनं आजाराचं भलंमोठं नाव सांगितलं, ते अंबादासनं कधी उच्चारलं नाही. तो म्हणायचा, हात जरा दमलाय. गोळी घेतली की काही तास हात गप्प बसायचा. गोळी उतरली की पुन्हा सुरू. मग तो हात खिशात कोंबायचा. लग्नात वधूवरांवर फुलं टाकायची वेळ आली की डाव्या हातानं टाकायचा. घरात हे कमलला माहीत होतं आणि मुलीला, संघमित्राला. बाहेर कोणाला कळलं तर तो जीवच देईल, असं दोघींना वाटायचं.

अशात एक दिवस रश्मी नावाच्या बाईचा फोन आला. हुंब्याचा नवा पिक्चर बनत होता, आणि ती तिथल्या दिग्दर्शकाची मदतनीस. जुन्या लोकांशी गप्पांचा एक छोटा व्हिडिओ करायचा होता, बस. फोन संघमित्रानं घेतला. पप्पा कॅमेऱ्यासमोर बसले आणि हात सुटला तर काय, या भीतीनं ती घाईघाईनं म्हणाली की पप्पांना नका बोलवू, त्यांचा हात फार थरथरतो, आता त्यांना नाही जमायचं. विषय संपला असं समजून तिनं फोन ठेवला आणि घरात काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी दिग्दर्शक मुकुल स्वतः दारात हजर. पस्तिशीचा, नम्र, वाकून पाया पडणारा. लहानपणी हुंबा बघून मीही रडलो होतो काका, म्हणाला. व्हिडिओ राहू दे, म्हणाला. नव्या पिक्चरमध्ये हुंब्याचा हात तुमचाच हवा, आणि पडद्यावर तुमचं नाव येईल, एकट्याचं, मोठ्या अक्षरात. अंबादासचा हात तेव्हा उशीखाली दाबलेला होता. त्यानं होकारार्थी मान हलवली. 

मुकुल गेल्यावर संघमित्राच्या कपाळावर आठी पडली. हात थरथरतो हे सांगूनही माणूस येतो, याचा अर्थ तिला लागेना. पण पप्पा इतके हसत होते की तिनं तोंड मिटून घेतलं. तिथेच चुकलं.

अंबादासचं मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं झालं. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर मोजा चढवून बसायचा. मोज्याचा हुंबा व्हायचा, श्वास टाकायचा. जायच्या दिवशी सकाळी त्यानं एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. कमलनं पाहिलं आणि विचारलं. आज हात दगडासारखा पाहिजे, एवढंच तो म्हणाला.

स्टुडिओ चकाल्याला, एका काचेच्या बिल्डिंगमध्ये. अंबादासला वाटलेलं, सेट असेल, गुहा असेल, हुंबा तरी असेल. तिथे एक रिकामी पांढरी खोली होती, भिंतीवर कॅमेरे, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेली पंधराएक माणसं. बाहुली कुठंय, त्यानं विचारलं. रश्मीनं हसून एक काळा हातमोजा दाखवला, पांढरे ठिपके चिकटवलेला. म्हणाली, बाहुली आता कॉम्प्युटरात असते काका, आम्हाला फक्त हात लागतो.

तयारी होईपर्यंत सगळे त्याच्याभोवती जमले आणि जुन्या गोष्टी विचारू लागले. अंबादास खुलला. ओकारीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मग त्यानं धोंडूची सांगितली. धोंडूला मधे ताप आला, अंगात ताकद राहिली नाही, आणि ब्रेकवरचा त्याचा हात कापायला लागला. हुंब्याच्या पापण्या फडफडायला लागल्या. धोंडू पाया पडत होता, दोन दिवस द्या म्हणत होता. पण अंबादासनं सरळ साहेबाकडे जाऊन सांगितलं की याला काढा.

"थरथरणारा हात पडद्यावर चालत नाही," अंबादास त्या पोरांना ऐटीत म्हणाला. "मी म्हटलं धोंडूला, घरी जा, पोळ्या लाट. हात म्हणजे हात पाहिजे."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण अशा माणसांसाठीच कोणीतरी केली असणार. पण या वेळी कोणी हसलं नाही. रश्मीनं मुकुलकडे पाहिलं, मुकुलनं जमिनीकडे. अंबादासला वाटलं, आपल्या शिस्तीचा धाक बसला.

मग त्याच्या हातात तो मोजा चढवला आणि समोरचा मोठा पडदा उजळला. पडद्यावर हुंबा होता. करड्या रंगाचा, केस अजून नसलेला, पण हुंबाच. अंबादासनं मनगट वळवलं, हुंब्यानं मान वळवली. इतक्या वर्षांनी.  अंबादासनं ती मान हळूच खाली घेतली, जराशी थांबवली, अंगठा तळव्याकडे ओढला आणि सोडला. हुंब्यानं श्वास टाकला. हात दगडासारखा होता. असा श्वास त्यानं तरुणपणीही टाकला नव्हता, आणि हे त्याला स्वतःला कळलं. त्या एका क्षणी अंबादास शेजवळ या शहरातला सगळ्यात सुखी माणूस होता.

 त्याला वाटलं, आता टाळ्या येतील. मुकुल उठून आला, त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "काका, आज गोळी घेतलीये का तुम्ही?"

अंबादासला आधी काही समजलंच नाही. मुकुलनं मग समजावलं, अगदी प्रेमानं. नव्या पिक्चरमधला हुंबा म्हातारा आहे, मरायला टेकलाय. तुमच्या मुलीनं फोनवर सांगितलं की तुमचा हात थरथरतो, तेव्हाच आमच्या डोक्यात ही कल्पना आली. असा हात कुठे मिळणार? आम्हाला तोच हात हवाय.

तोंडात मारल्यासारखा अंबादास बसून राहिला. जी गोष्ट त्यानं खिशात, उशीखाली, पाठीमागे दडवली होती, ती या पंधरा जणांना पहिल्यापासून माहीत होती. धोंडूची गोष्ट सांगतानाही माहीत होती. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. त्यानं घसा खाकरून सांगितलं की थरथर पाहिजे ना, करून दाखवतो. बाहुलीवाल्याला ते काय अवघड? आणि त्यानं करून दाखवली. म्हाताऱ्या हुंब्याची मान लटलटली, जबडा कापला. कॉम्प्युटरवरच्या पोरानं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही करताय हे दिसतं, काका," मुकुल म्हणाला. "गोळी उतरेपर्यंत थांबू या."

मग ते थांबले. शूटिंगवाले ढगांची वाट बघतात, उन्हाची बघतात. इथे पंधरा माणसं एका म्हाताऱ्याच्या रोगाची वाट बघत बसली. चहा आला, सामोसे आले, पुन्हा चहा आला. कोणी मोबाइल बघत होतं, पण एक डोळा सगळ्यांचा त्या हातावर. थंडीनं थरथर वाढते असं कोणीतरी वाचलं होतं, म्हणून एसी वाढवला. अंबादास हात मांडीवर उताणा टाकून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या हाताला मनातल्या मनात विनवत होता की हल बाबा, एकदा हल. दुपार टळून गेल्यावर करंगळी जराशी उडाली. सुरू झालं, सुरू झालं, असं रश्मी कुजबुजली आणि सगळे धावत आपापल्या जागी गेले. पण तेवढंच. दोन गोळ्यांचं इमान राखून हात परत गप्प झाला. शेवटी पॅकअप झालं.

गाडीत बसवताना रश्मीनं त्याला सांगितलं की परवा पुन्हा या, तोवर गोळ्या नका घेऊ. आणि मग आठवल्यासारखं म्हणाली की अर्थात, डॉक्टरांना विचारून हं.

घरी आल्यावर संघमित्राला सगळं कळलं तेव्हा ती रडली आणि चिडली, दोन्ही एकदम. त्या फोनबद्दल ती स्वतःच्याच तोंडावर मारून घेत होती. बापाला म्हणाली की जायचं नाही.

"त्यांना तुम्ही नकोय पप्पा. तुमचा आजार हवाय."

"आजार कोणाचाय? माझाच ना?" अंबादास म्हणाला. "मग नाव पण माझंच येणार."

 कमल मात्र सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवून गेली. पेला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. तोवर हातच काय, अख्खं अंग आखडलं. कुशीवर वळायला कमल लागे. पाणी घशाखाली नीट उतरेना, लाळ हनुवटीवर यायची. हात मात्र जोरात होता.

ठरल्या दिवशी दोघांनी काखेत धरून त्याला त्या पांढऱ्या खोलीत नेलं. हातमोजा चढवताना रश्मीला दोनदा हात धरून ठेवावा लागला, इतका तो उडत होता. बघून मुकुलचे डोळे चमकले. पडद्यावर हुंबा आला आणि आल्या आल्या मरायला लागला. मान लटलटत होती, जबडा वाजत होता, मधेच एखादा झटका.  कॉम्प्युटरवरचं ते पोरगं, जे परवा मान हलवत होतं, ते आता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतं.

अंबादासनं हे पाहिलं आणि त्याच्यातला बाहुलीवाला जागा झाला. पब्लिक रडतंय म्हणजे आता श्वास टाकायची वेळ. त्यानं होता नव्हता तेवढा जीव अंगठ्यात आणला आणि अंगठा तळव्याकडे ओढायला लागला. अंगठा निघाला, अडला, सगळा पंजा वेडावाकडा झाला, आणि पडद्यावर हुंब्याचं तोंड भलतीकडेच फिरलं.

"कट," मुकुल म्हणाला. "काका, तुम्ही काही करू नका. नुसते बसा."

अंबादास नुसता बसला. हुंबा आपला आपण मेला. टाळ्या पडल्या, लांबलचक. रश्मीनं त्याला मिठी मारली. मुकुलनं कबूल केल्याप्रमाणे पडद्यावर पाटी करून दाखवली: काळ्यावर पांढरी, मोठी अक्षरं, हुंबा, आणि खाली अंबादास शेजवळ. फोटो काढला. परवाचा तो श्वास, तो पहिल्या दिवशीचा, तो कुठे वापरणार, असं अंबादासनं बोबड्या जिभेनं विचारलं. मुकुलला कळायला वेळ लागला. मग म्हणाला की तो ठेवला नाही काका, तो कामाचा नव्हता. आणि निघताना, माणूस दारातून जाताना काहीतरी बोलतो तसं बोलून गेला, "एखादा शॉट राहिला तर बोलवू. तोवर हात असाच ठेवा."

बोलणारा विसरला. ऐकणाऱ्यानं मात्र ते कोरून ठेवलं.

पुढचे कित्येक दिवस अंबादास हात सांभाळत बसला. फोन येईल. शॉट राहिला आणि आपला हात बरा निघाला तर? ती पाटी दुसऱ्या कोणाच्या नावानं बनायला किती वेळ लागतो? हे त्याच्या डोक्यातून जाईना. गोळीकडे तो विषाकडे बघावं तसा बघायचा. डॉक्टरकडे जायला तयार नाही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हात बघायचा, आणि तो कालच्याएवढा हलत असला की त्याला बरं वाटायचं. संघमित्रानं स्टुडिओत फोन लावले. रश्मी म्हणाली की शूटिंग कधीच संपलंय. ते तिनं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, तुला फोनवर कोण काय सांगेल, आणि तू फोनवर काय सांगशील, याचा भरवसा नाही. 

कमलनं मग स्वतःच्या अकलेनं काम केलं. तिच्या हातचं तो खात होताच. एका दुपारी तिनं गोळी खलबत्त्यात कुटली, वरणात कालवली आणि घास घास करून भरवली. निम्म्या भातावर तो पुरे म्हणाला, तरी ती उगाच ताटाशी बसून राहिली. मग काही वेळानं हाताचा वेग कमी झाला. मनगट शांत झालं, मग बोटं. शेवटी करंगळीही थांबली. कमलच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी तो हात माणसाच्या हातासारखा मांडीवर पडला होता.

अंबादासही बघत होता. आधी त्याला कळेना की हाताला काय झालं. त्यानं तो हलवून पाहिला, झटकला, पुन्हा मांडीवर ठेवला. हात गप्प. मग त्याची नजर वाटीतल्या वरणावर गेली, तिथून कमलच्या तोंडावर. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोवर कधी हात उगारला नव्हता. मलेरियाच्या डासासोबत दारुड्या नवऱ्याचाही खेळ करणारा माणूस तो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांची वस्तीवस्तीत टिंगल केलेली. त्यानं उजवा हात उचलला आणि कमलच्या तोंडात मारली. सणसणीत, सरळ, जरासुद्धा न कापता. इतक्या दिवसांत त्या हातानं त्याच्या मनासारखं केलेलं हे पहिलं काम.

कमलनं गाल चोळला. धक्क्यानं सांडलेलं वरण पदरानं पुसून घेतलं आणि ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

"बरा झाला हात," ती म्हणाली. "आता आपल्या हातानं जेवा."